डावीकडे अर्धा इंच

४ फेब्रुवारी

सुईबाई,

सोबतच्या पार्सलात माझा जुना निळा ब्लाउज आहे. त्याच मापाचे दोन नवे हवेत, एक राखी आणि एक पांढरा. गळा बंद, बटणं पुढे, बाही कोपरापर्यंत. मागच्या खेपेला तू बाहीला चुण्या घालून पाठवल्या होत्यास. त्या मी उसवून टाकल्या. बासष्टाव्या वर्षी खांद्यांवर फुगे घेऊन फिरायला माझा काही वाढदिवस नाही.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर मला तुझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं ऐकण्यासारखं नसतं. पत्रात निदान तुझ्या शुद्धलेखनाच्या चुका तरी सापडतात.

आता खरी बातमी. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळात एका लॅबची बाई आली होती. गुलाबी पत्रकं, गुलाबी पिशव्या, गुलाबी हसू. 'महिलांसाठी खास पॅकेज. एका सुईत छत्तीस तपासण्या!' त्यातली एक ट्यूमर मार्कर नावाची. म्हणजे त्या ठिकाणचा कॅन्सर आहे की नाही, ते म्हणे रक्तातूनच कळतं. कुणी हात लावायला नको, कपडे काढायला नकोत, यंत्रात काही दाबून घ्यायला नको. मी म्हटलं, चला, या शतकाचा एवढा तरी उपयोग झाला. भूगोलाच्या बाई आधी घाबरल्या, मग मेंढरासारख्या माझ्या मागोमाग आल्या.

परवा निकाल लागला. मी पास. कागदावर 'सीए' लिहिलंय, म्हणजे कॅन्सरच असणार, आणि त्यापुढे पंधरा-तीन. पंधरा पूर्णांक तीन. शेवटच्या रकान्यात छापलंय, तिसाच्या आत हवं. निम्म्यानं आत! छत्तीस वर्षं मुलींना जास्त मार्कांसाठी झोडपलं, आणि आज कमी मार्क पडले म्हणून एकटीच हसत बसले.

हिंमत असेल तर तूही करून घे. पण तू कसली करतेस! कॉन्व्हेंटात तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शिवणाच्या सिस्टरांच्या खोलीत लपणारी तू.

तुझ्या दुर्दैवानं तुझी नणंद, आणि त्याच्याही आधीपासूनची मैत्रीण,
हेडबाई

ता. क. डावी बाजू अर्धा इंच सैल ठेव. काखेजवळ काचतं. धुऊन धुऊन आटलाय मेला.


११ फेब्रुवारी

सर्वज्ञ वन्सं,

पास झाल्याबद्दल अभिनंदन. गावभर पेढ्यांऐवजी शुद्धलेखनाच्या वह्या वाटा.

तुझ्या भावाला बातमी सांगितली. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात शिरला होता. मान वर न करता म्हणाला, "ती नापास कधी झालीये?" तुमच्या घराण्यात मोजकं बोलणारा हा एवढाच माणूस, म्हणून तर मी त्याच्याशी लग्न केलं. नाहीतर तुझ्या घरी सून म्हणून कोण आलं असतं?

आता कामाचं. माझी मापवही काढली. तुझं पान चौदावं. सव्वीस वर्षांत तुझं माप तीनदा बदललं. एकदा आजारपणात उतरलीस, दोनदा सुट्टीत सुटलीस. पण जे काही झालं ते दोन्ही बाजूंनी सारखं झालं. निळा ब्लाउज टेबलावर पसरून दोन्ही बाजू मोजल्या. केसभर फरक नाही. हेडबाई, चाळीस वर्षं मी कापड कापतेय. आटलेलं पाहिलं, विरलेलं पाहिलं, रंग सोडून शेजारच्याला रंगवणारं पाहिलं. एकच बाजू आटणारं कापड अजून माझ्या दुकानात आलेलं नाही. डाव्या काखेखाली मात्र शिवण ओढली गेलीये, आणि तेवढ्याच जागी आतून कापड घासून मउ पडलंय.

काय आहे तिथे?

आणि तुझं ते 'त्या ठिकाणचा' वाचून आपली शाळा आठवली. सिस्टरांनी मानेपासून गुडघ्यापर्यंतच्या सगळ्या शरीराला एकच नाव दिलं होतं, 'अंग'. छाती म्हण की! मी दिवसातून वीस वेळा म्हणते, छाती छत्तीस, छाती चाळीस, अजून आभाळ कोसळलेलं नाही.

दोन्ही ब्लाउज कापून ठेवलेत. डावीकडे माया जास्त सोडलीये. तुला नाही कळायचं म्हणून सांगते, शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. गरज पडली की उसवायचं आणि सैल करायचं. पण आधी मला उत्तर हवं, मग टाका घालीन.

सुई


१८ फेब्रुवारी

सुईबाई,

तुझ्या पत्रात सात चुका. 'मऊ' तू अजून ऱ्हस्व काढतेस, आणि स्वल्पविराम तर असे शिंपडतेस की जणू कपड्याला इस्त्री करायची आहे.

तिथे काही नाही. म्हणजे बटणाएवढं काहीतरी आहे. दुखत नाही, खुपत नाही. सहा-सात महिने आपलं आपलं पडून आहे, मीही त्याच्या वाटेला जात नाही. या वयात अंगावर दहा गोष्टी येतात. तुझ्या हनुवटीवरच्या केसाबद्दल मी कधी पत्र पाठवलंय का?

आणि आता तर कागदच आलाय. पंधरा पूर्णांक तीन! मशीननं छापलेला कागद खोटा आणि तुझी फीत खरी? उद्या तू कात्रीनं भविष्यही सांगशील.

ब्लाउज शिवून पाठव. आणि माया शिवणीत ठेव, पत्रात नको. हाताला चिकटते.

तुझी तपासणी झाली, की पोट दुखलं?

हेडबाई


४ मार्च

हेडबाई,

गेले होते. तुझ्या टोमण्यासाठी गेले, लिहून ठेव.

काय ती जागा! भिंती गुलाबी, खुर्च्या गुलाबी, आणि सुई टोचणारी मुलगी म्हणते, "आजी, घाबरू नका." मी म्हटलं, "बाळ, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी सुई धरतेय, आणि माझ्या सुईनं आजवर कुणाचं रक्त निघालं नाही." तिला विनोद कळला नाही. शीर सापडायला तिला तीन वेळा टोचावं लागलं. आमच्या दुकानात अशीला काजंसुद्धा करू दिली नसती.

दोन दिवसांनी कागद आला. बघते तर माझेही सीए पंधरा-तीन! तुझ्या भावाला म्हटलं, "बघा, एका बाकावर बसत होतो, मार्कसुद्धा तेवढेच. आता लॅबवाले म्हणतील कॉपी केली." त्यानं भिंग लावून कागद हातात घेतला. घड्याळवाला माणूस, त्याला काट्यांच्या आधी तबकडीवरचं नाव दिसतं. म्हणाला, "अगं, हे तपासणीचं नाव आहे. कंपनीचं नाव असतं तसं. वेळ इथे लिहिलीये." आणि त्यानं बोट पुढच्या रकान्यावर सरकवलं.

म्हणजे वन्सं, तुम्ही छत्तीस वर्षं गुणपत्रिकांवर सह्या केल्यात, आणि विषयाच्या नावालाच मार्क समजलात! 'इयत्ता सातवी' वाचून पोरीला सात मार्क दिल्यासारखं झालं हे. मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. तो पण हसला, आणि तुला माहीत आहे तो वर्षातून किती वेळा हसतो.

मग त्या रकान्यातला आकडा वाचला. अडतीस. शेजारी जाड अक्षरात 'जास्त'.

हसू तिथेच राहिलं. तो चहा करायला उठला, आणि गॅस न पेटवताच पातेल्यासमोर उभा राहिला. कुणाचा तरी कोट कापायला घेतला होता, तो तसाच खडूच्या रेघांसकट पडून आहे. मी स्वतःला चाचपून पाहिलं, हाताला काही लागत नाही. पण हाताला काय कळतं? तूच म्हणतेस, मशीननं छापलेला कागद खोटा कसा?

तुझा कागद काढ. खरा आकडा कळव. आणि एकदा तरी चष्मा लावून वाच.

सुई


९ मार्च

सुई,

चोवीस.

चूक कबूल. अक्षर बारीक होतं. भूगोलाच्या बाईंनीही 'मला पण पंधरा-तीन' म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण त्यांना आयुष्यात माझ्याइतके मार्क कधी पडलेले नाहीत.

चोवीसही तिसाच्या आतच. म्हणजे मी पास आणि तू नापास. या एका परीक्षेत मला तुला मागे टाकायचं नव्हतं.

डॉक्टरकडे जा. उद्याच जा. त्या गुलाबी दुकानात नको, खऱ्या डॉक्टरकडे, छातीच्याच. (बघ, लिहिला शब्द. आभाळ जागच्या जागी आहे.) एकटी जाऊ नकोस. माझ्या भावाला बरोबर ने. तो काही बोलणार नाही, पण पिशवी धरील. मी येऊ का? येते म्हटलं तर तू नको म्हणशील, म्हणून विचारत नाही, फक्त बॅग काढून ठेवलीये.

ब्लाउजची घाई नाही. रडू नकोस. पांढऱ्या कापडावर डाग पडतील.

हेडबाई


२४ मार्च

हेडबाई,

बॅग आत ठेव. मला काही झालेलं नाही.

डॉक्टर बाई भेटली ती थेट तुझीच बहीण. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाजात छडी. कागद हातात घेऊन म्हणाली, "ही तपासणी कुणी करायला सांगितली?"

"माझ्या नणंदेनं."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही, हेडबाई आहेत."

"तरीच," म्हणाली.

मग तिनं हातानं तपासलं, यंत्रात दाबून फोटो काढले, सोनोग्राफी केली. ते यंत्र चिमटा घेतं हे खरं. पण कपाटाच्या दारात बोट सापडल्यावर तू जेवढी ओरडली होतीस, त्याच्या निम्म्यानंही मी ओरडले नाही. छाती स्वच्छ आहे. लिव्हरवर थोडी चरबी निघाली, तिच्यानंही तो आकडा वर जातो म्हणे. कधी साध्या, निरुपद्रवी गाठींनी जातो, कधी काहीच सापडत नाही. नंतर पुन्हा एकदा बघू म्हणाली, आणि ते त्याच लॅबमधून.

मी उठता उठता विचारलं, "आणि समजा उलटं असलं तर? आकडा चोवीस, पण काखेजवळ बटणाएवढं काहीतरी?"

तिनं पेन खाली ठेवलं. "तर तो कागद घडी घालून कपाटात टाका, आणि त्या बाईंना घेऊन या. सुरुवातीचा कॅन्सर असला तर हा आकडा बहुतेक वेळा तिसाच्या आतच असतो. हे रोग शोधण्याचं साधन नाही. रोग आहे हे आधीच ठाऊक असतं, विशेषतः तो पसरलेला असतो, तेव्हा औषध लागू पडतंय का ते बघायला आम्ही हे वापरतो, तेही बाकी तपासण्यांच्या जोडीनं. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो. तो कुठल्या बाजूला सरकतोय ते बघायचं. आणि दर वेळी एकाच लॅबचा हवा."

हे शेवटचं मला पटकन कळलं. कापडी फीत वापरून वापरून ताणते. माझ्या फितीचे छत्तीस आणि शेजारच्या शिंप्याच्या फितीचे छत्तीस एक नसतात. दोन फितींची मापं जुळवत बसणारा शिंपी गिऱ्हाइकाला रडवतो.

तर वन्सं, तू चुकीच्या विषयात पास झालीयेस. तुझा पेपर वेगळा होता, त्या दिवशी तू वर्गात गेलीच नाहीस. 'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण तू फळ्यावर किती वर्षं लिहिलीस? अर्थ सांग, वाक्यात उपयोग कर. केलास बरं उपयोग! कळसा काखेत, अगदी शब्दशः, आणि बाई हात पुढे करून रक्त काढायला गेल्या.

तुला राग येईल, पण आता थांबत नाही. मला ठाऊक आहे तू का गेली नाहीस. बोर्डिंगची न्हाणीघरं आठवतात? एका ओळीत आठ नळ, आणि आपण सगळ्या त्या लांब पांढऱ्या झग्यांत. झगा न काढता झग्याच्या आतून साबण लावायचा, आणि डोळे समोरच्या भिंतीवर. त्या भिंतीवर मुंगी चालली तरी आपल्याला तिचं नाव ठाऊक असायचं. आपल्या अंगाचं मात्र काही ठाऊक नव्हतं. साबण गार, फरशी गार, आणि तू माझ्या शेजारच्या नळाखाली पाढे म्हणायचीस, म्हणजे मला थंडी वाजू नये. सतरा सत्ते एकशे एकवीस. मला अजून एकशे एकवीसच आठवतं, तेव्हापासून माझा हा पाढा चुकलाय. तुझाच पाढा चुकायचा, हेडबाई, थंडीनं. मी कुणाला सांगितलं नाही.

माझा झगा धंद्यानं उतरवला. रोज दहा बायका समोर हात वर करून उभ्या राहतात, लाज धरून शिवण जमत नाही. तुझा झगा अजून अंगावर आहे. बासष्ट वर्षांची झालीस तरी तू भिंतीकडे बघूनच आंघोळ करतेस. हो की नाही?

एकच प्रश्न. पाल्हाळ नको, शुद्धलेखन नको. बटणाएवढं म्हणालीस. बटण शर्टाचं की कोटाचं?

सुई


२९ मार्च

कोटाचं.


३१ मार्च

हेडबाई,

हे पत्र तुझा भाऊ स्वतः घेऊन येतोय, कारण टपालावर आता माझा विश्वास नाही, आणि फोन तू उचलणार नाहीस.

मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतलीये, त्याच चष्मेवालीकडे. गाडी तो चालवेल. मी इथून थेट तिच्या दारात उभी असेन. पुढून उघडणारा ब्लाउज घाल. सगळे तसलेच आहेत म्हणा तुझ्याकडे. देवाला तुझी काळजी होती आणि त्यानं ती माझ्या हातून शिवून घेतली.

तो पाल्हाळ लावणार नाही. पिशवी धरेल.

सुई


२० मे

हेडबाई,

तुझ्याकडून परत येऊन आठवडा झाला. दुकान उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "कुठे गायब होता? माझा कोट दोन महिने अर्धाच." मी म्हटलं, "हो, कोटाच्याच कामात होते." त्याला काय कळणार!

इथे आल्यावर तुझा भाऊ पुन्हा घड्याळांत शिरला आणि मला सगळं एकदम आठवायला लागलं, म्हणून लिहितेय. चष्मेवाली तपासायला आली, तेव्हा तू टेबलावर पडून डोळे त्या भिंतीवर लावले होतेस. कुठलंतरी कॅलेंडर होतं तिथे. ती म्हणाली, "इकडे बघा, मी कुठे हात लावतेय ते तुम्हालाही कळायला हवं." तू म्हणालीस, "मला इथूनही ऐकू येतंय." माझं हसू दाबता दाबता माझ्या पर्सचा बंद तुटला.

सुईनं तुकडा काढायच्या आधी सहीच्या कागदावर तू लाल पेननं दोन चुका दुरुस्त केल्यास. निकाल आला तेव्हा मात्र तू काहीच दुरुस्त केलं नाहीस. कागद माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, "तू वाच. मला विषयाचं नाव आणि मार्क यांतला फरक कळत नाही." तो दिवस मी विसरणार नाही. मी वाचलं, कॅन्सरच होता, आणि तुझी ती चूक काढून चिडवल्याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

ऑपरेशननंतर ती सांगत होती, गाठ तर काढलीच, पण तिच्याभोवतीचा बोटभर चांगला भागही काढला, कडा स्वच्छ मिळाव्यात म्हणून. मी मनात म्हटलं, हिला माया ठेवायची कळते. कापणारीनं भोवती माया धरूनच कापावं. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, हे सांगताना तिचाही चष्मा घसरला होता.

राखी आणि पांढरा दोन्ही ब्लाउज शिवून झाले. पाठवत नाही. त्यांचं माप फेब्रुवारीचं आहे. तू म्हणशील तेव्हा बदलीन.

किरणं सुरू झाली का? कातडी भाजते का? खोबरेल लावू नकोस, तिला विचार आणि मग लाव. आणि ती गुलाबी बाई पुन्हा मंडळात आली तर तिला माझा नमस्कार सांग. भूगोलाच्या बाईंना मात्र खरंच घेऊन जा चष्मेवालीकडे, हातानं तपासून घ्यायला. त्यांचं पंधरा-तीन कुणी पाहिलं नाही अजून.

सुई


३ जून

सुईबाई,

चुका चार. सुधारतेयस.

किरणं सुरू आहेत. रोज सकाळी एका खोलीत निजायचं, हात डोक्यावर, आणि दोन पोरं रेघा जुळवून बाहेर पळतात. छातीवर निळ्या शाईच्या खुणा केल्यात. तुझ्या खडूपेक्षा सरळ आहेत. कातडी लाल झालीये, थकवा येतो, दुपारी निजते. सिस्टरांनी पाहिलं असतं तर कोपऱ्यात उभं केलं असतं.

चष्मेवालीला मी परवा विचारलं, "आता ती रक्ताची तपासणी करायची का? आता तरी माझ्याकडे विषय आहे." म्हणाली, "तुम्हाला तिची गरज नाही. दर वर्षी फोटो काढू, हातानं तपासू. लागलीच कधी तर मी सांगेन." मी म्हटलं, "म्हणजे जिच्यात पास झाले, ती परीक्षाच रद्द?" ती म्हणाली, "ती परीक्षा तुमची कधी नव्हतीच, बाई." हे तूही म्हणाली होतीस. पण तिच्या तोंडून कमी झोंबलं, तिचं शुद्धलेखन बरं आहे.

भूगोलाच्या बाईंना नेलं. ठणठणीत आहेत. वाटेत गाडीतून मला चुकीच्या रस्त्यानं नेलं. भूगोल!

मंडळात ती गुलाबी बाई आली होती. मी उठले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विषयाचे नाव' आणि 'मिळालेले गुण'. मग तिला म्हटलं, "या दोन्हींत फरक काय, सांगा. आणि हा विषय कुणी घ्यायचा, कुणी घ्यायचा नाही, तेही सांगा." तिनं गुलाबी पिशवी बंद केली. पत्रकं गोळा करून गेली. निवृत्त झाल्यापासून एवढा छान तास घेतला नव्हता.

आता एक गोष्ट. पत्र फाडून टाक, नाहीतर मापवहीत ठेव, पण माझ्या भावाला दाखवू नकोस.

काल आंघोळ झाल्यावर मी भिंतीकडे बघितलं नाही. आरशाकडे बघितलं. उभी राहून, नीट, दिवा लावून. डावीकडे एक आडवी रेघ आहे आणि रेघेखाली खळगा. बाकी सगळं मी कधी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे काय बदललं आणि काय आधीपासून तसंच होतं, ते सांगता येत नाही. बासष्ट वर्षांचं माप आणि माझ्याकडे पहिली नोंदच नाही. बराच वेळ बघितलं. मग थंडी वाजायला लागली. सतरा सत्ते एकशे एकोणीस, सुई. मला तेव्हाही ठाऊक होतं. मी चुकीचं म्हटलं की तू हसायचीस, आणि हसलीस की तुझे दात वाजायचे थांबायचे.

नंतर माप घेतलं. घरात एकच फीत होती, शाळेच्या हस्तकलेच्या पेटीतली. डावी बाजू आता पाऊण इंच आत घ्यावी लागेल. पण ती फीत किती जुनी आहे देव जाणे, चाळीस वर्षं मुलींनी तिच्याशी रस्सीखेच केलीये. दोन वेगवेगळ्या फितींची मापं जुळवू नयेत, असं कुणीतरी मला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

म्हणून तूच ये. तुझी फीत घेऊन ये. आणि चौदाव्या पानावरचं जुनं माप खोडू नकोस. शेजारी नवं लिही, तारीख घालून.

हेडबाई

ता. क. डावीकडची माया कापून टाकू नकोस. आत राहू दे.